बटणवालीचं साल

“मग माझं साल घाल,” सासूबाई म्हणाल्या. “मला तरी ते नक्की ठाऊक आहे.”

“आई, तू मध्ये पडू नकोस,” नवरा म्हणाला आणि बायकोकडे वळला. “दगड आठवडाभर टेबल अडवून बसलाय. न्हाणीघराच्या दारांच्या काचा भिंतीला टेकून उभ्या आहेत. गिऱ्हाइकं पडदे लावून आंघोळी करतायत. चार आकडे घालायचे, त्यात एवढं काय?”

“कोणते चार?”

“बटणवालीच्या नवऱ्याने सांगितलेत ते.”

“ते खोटे आहेत.”

“मग तुला माहीत आहेत ते घाल.”

“ते त्याला कळता कामा नयेत.”

नवऱ्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने ताटात पाहिलं. या घरात भांडण पेटलं की ताटात पाहणारा शहाणा, हे ती लहानपणीच शिकली होती.

गल्लीत तिला वाळूवाली म्हणत. घराखालच्या कारखान्यात काचेवर वेलबुट्टी आणि दगडावर अक्षरं काढायचं काम ती लग्नाआधीपासून करत होती. दगडावर जाड रबर चिकटवायचं, त्यावर अक्षरं आखून सुरीने कापायची, कापलेला भाग सोलून काढायचा आणि उघड्या पडलेल्या दगडावर कॉम्प्रेसरच्या हवेने नळीतून जोरात वाळू मारायची. रबराखालचा दगड शाबूत राहतो, उघडा तेवढा खोल जातो. काचेवर चूक झाली तर काच बदलता येते. दगडावरचं पुसता येत नाही.

हा थडग्यावरचा दगड तिच्या मैत्रिणीचा होता. मैत्रीण कोपऱ्यावर बटणांचं दुकान चालवायची, म्हणून ती बटणवाली. गेली तशी अचानकच गेली. तिच्या प्लंबर नवऱ्याने जोडदगड आणला होता: काळा, गुळगुळीत, अर्धा तिच्यासाठी, अर्धा पुढेमागे त्याच्यासाठी. बटणवालीचं नाव कापून झालं होतं. गोल अक्षरांच्या पोटातले रबराचे बारके तुकडे उडून जाऊ नयेत म्हणून वाळूवालीने ते एकेक करून अंगठ्याने दाबले होते. नावाखाली जन्मसालाची जागा मात्र तशीच कोरी.

नवऱ्याला बटणवालीने आपण त्याच्याहून एका वर्षाने लहान असल्याचं सांगितलं होतं. वाळूवालीला खरं ठाऊक होतं. दोघींची ओळख दातांच्या डॉक्टरकडे झाली, दोघींचे गाल सुजलेले. नर्सने जन्मसाल विचारलं. वाळूवालीने सांगितलं आणि मागून बटणवाली म्हणाली, “माझंही तेच लिहा.” बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, “नवऱ्याला तीन वर्षं कमी सांगितलीत. तुला म्हणून खरं सांगतेय.” त्या दिवसापासून दोघी एका सालच्या. एवढ्या वर्षांत वाळूवालीने हे पोटात ठेवलं होतं. अगदी परवापर्यंत, आणि परवा सांगितलं तेही घरातच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बटणवालीची बहीण दगड बघायला आली. तिला सगळे ताई म्हणत. बटणवालीही ताईच म्हणायची. स्टुलावर बसून ती बराच वेळ रबरातलं नाव बघत राहिली.

“साल कोणतं घालताय?”

“भावजींनी सांगितलंय ते,” वाळूवाली जपून म्हणाली.

ताई हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “आणि तुम्हाला कोणतं सांगितलं होतं?”

वाळूवालीने इकडेतिकडे बघून सांगितलं.

“तेही नाही. त्याच्याही चार वर्षं आधीचं. ती माझी थोरली.”

“अहो ताई, काहीतरी काय?”

“ताई म्हणू नका मला. तिने मला कडेवर घेऊन फिरवलंय. माझ्या वेण्या तिने घातल्यात. हा प्लंबर दुकानात यायला लागला आणि एक दिवस मला म्हणते, आजपासून तू ताई. मला वाटलं, दोन दिवसांचं नाटक आहे. त्या नाटकात मी म्हातारी झाले. घरात कोणी आलं की खुर्ची मला, आणि ही पोरीसारखी उभी.” तिने नाक पुसलं. “आता तरी खरं घाला. मला माझं वय परत हवंय.”

ती गेल्यावर वाळूवाली दगडापाशी परत आली. राग यायला हवा होता, तो आला आणि पुन्हा गेला. ‘तुला म्हणून खरं सांगतेय’ म्हणणारी बाई आपल्याशीही खोटं बोलली, हे बरं होतं का? आणि खोटं तरी काय बोलली? नर्ससमोर आपल्या मागे उभी होती, शेजारणीचं साल ऐकलं आणि आवडलं, म्हणून घेतलं. बाजारात पुढच्या बाईने घेतलेलं कापड बघून आपणही तेच मागावं, तसं. पण कापड अंगावर घालून मिरवता येतं. वयाचं ओझं तर उचलावंच लागतं.

मग तिला जिने आठवले. बटणवालीचे गुडघे दुखायचे. प्रत्येक वळणावर ती कठडा धरून थांबायची आणि वाळूवाली वरून ओरडायची, “अगं, माझ्याच वयाची ना तू? चढ.” बटणवाली पदराने घाम टिपायची आणि चढायची. एकदाही म्हणाली नाही की बाई, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, जरा दमाने घे. खोटं बोलली खरं, पण त्याचे सगळे जिनेही स्वतःच चढली.

वाळूवालीने सुरी उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. कोणतं साल कापायचं तेच कळेना.

तेवढ्यात प्लंबर आला. पान्यांची पिशवी दारात ठेवून तो दगडाजवळ उभा राहिला आणि आपल्या कोऱ्या बाजूवरून त्याने हात फिरवला.

“झालं का वहिनी?”

“होत आलंय, भावजी.”

“माझं साल नंतर तिच्या शेजारी येईल. एका वर्षाचं अंतर. जोडा शोभेल.” त्याने नावाच्या कडेची धूळ बोटाने पुसली. “सगळं माझंच चुकलं असं वाटतं. मी मोठा. मोठ्याने आधी जायचं असतं ना? ती लहान, आणि आधी गेली. सारखं तेच डोक्यात फिरतं. काही कळत नाही.”

वाळूवालीने तोंड उघडलं. ती मोठी होती, भावजी, तुमच्याहून सहा वर्षांनी मोठी. एवढं बोललं असतं तर याच्या छातीवरचा धोंडा उतरला असता? की तिथे दुसरा, त्याहून मोठा येऊन बसला असता? एवढी वर्षं जिच्यासोबत संसार केला ती बाई कोण होती, असं तो विचारत राहिला असता. तिला खरंच कळत नव्हतं.

“चहा घेता?” ती म्हणाली.

“नको. कुणाचा तरी नळ फुटलाय.”

तो गेला. ती दगडासमोर बसून राहिली. खरं साल घातलं तर याचा संसार उलटा होणार. याचं घातलं तर ताई आणखी मरेपर्यंत थोरली राहणार. आणि आपलं घातलं तर ते कुणाचंच नाही, फक्त दातदुखीचं. शेवटी तिने रबराचा एक जाड तुकडा घेतला आणि नावाखालच्या कोऱ्या जागेवर आधीच्या रबरावर आणखी एक थर दाबून बसवला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. नवऱ्याने काचांचा विषय काढायला घसा खाकरला, पण तीच आधी बोलली.

“दगडाला चीर निघालीय. नावाखाली. तिथे वाळू मारली तर कपची उडेल. म्हणून नाव तेवढं घालतेय, साल नाही.”

“चीर कुठली?” नवरा म्हणाला. “दगड ठेवून घेताना मी स्वतः वाजवून पाहिलाय. घंटेसारखा वाजत होता.”

“आहे चीर.”

“आणि त्याच्या बाजूला काय?” सासूबाईंनी विचारलं. “त्याची वेळ आली म्हणजे?”

“तिकडेही आहे.”

मुलीने पहिल्यांदाच ताटातून मान वर केली. “आणि ताई विचारायला आल्या तर?”

“त्यांना मी सांगीन. तुम्ही त्यांना यापुढे ताई म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. बाकी कुणीही विचारलं, तरी चीर होती.” तिने भांडं उचलून नवऱ्याला वाढलं. “सकाळी कॉम्प्रेसर लावतेय. दुपारपासून काचा घ्या.”