धोंड्याचं ताट आणि देव्हाऱ्यातलं पाकीट

काल दाजींचा फोन आला. "यंदा धोंड्याचं जेवण कोण देणार? सासूबाई तर गेल्या."

आज आईला जाऊन एक वर्ष झालं.

मी फोनवर फक्त "बघू" म्हणालो. तेव्हापासून स्वतःचीच चीड येतेय, म्हणून इथे लिहितोय. दाजी, तुम्हीही फ्रेंडलिस्टमध्ये आहात. वाचा.

माझी आई लातूरला क्लासेसच्या पोरांसाठी मेस चालवायची. बाबा गेल्यापासून, अठरा वर्षं. सकाळी चाळीस डबे, संध्याकाळी चाळीस. पोरं काकू म्हणायची, रिझल्ट लागला की पेढे आणायची आणि शेवटच्या महिन्याचे पैसे द्यायला हमखास विसरायची.

"माझ्या पोळ्या खाऊन किती डाक्टर झाले बघ," ती म्हणायची. "आन् माझे गुडघे बघायला एक बी न्हाई."

तिचं स्वप्न एकच. साठी झाली की चूल बंद.

"एफडी करायची, व्याजावर बसायचं, आन् रोज दुसऱ्याच्या हातची भाकर खायाची. करपली तरी चालंल."

त्यासाठी चार लाख साठवले होते. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलून.

तीन वर्षांपूर्वी, मागच्या धोंड्याला, दाजी आणि अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, उदगीरहून आले. आईने जावयाच्या पायावर पाणी घातलं, पुरणाचे धोंडे वाढले, चांदीची वाटी दिली.

जेवण झालं. बडीशेप चघळत दाजींनी बॅगेतून फॉर्म काढला. ते तेव्हा नुकतेच एका विमा कंपनीचे एजंट झाले होते.

"सासूबाई, बँकेपेक्षा भारी. वर्षभरात व्याज सुरू. इथं सही करा."

"एफडीच हाय ना हे, जावईबापू?"

"तसंच समजा."

तसंच समजा!

मी तिथेच बसलो होतो. मी नांदेडला एका शाळेत क्लार्क आहे. दिवसभर पालकांना सांगतो, वाचून सही करा. घरात मात्र तोंड उघडलं नाही. धोंड्याला आलेल्या जावयाच्या हातातला कागद मागून बघायचा म्हणजे त्याचा अपमान. आमच्यात असंच असतं.

पुढच्या महिन्यात पोस्टाने जाड पाकीट आलं. आईने ते फोडलंच नाही. त्यावर भस्माची तीन बोटं ओढली आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

"लक्ष्मी हाय. सारखं उघडून बघू न्हाई."

पॉलिसी पटली नाही तर परत करायला ठरावीक मुदत असते. ती मुदत त्याच पाकिटात आत छापलेली होती. देव्हाऱ्यातच संपली.

दिवाळीला गेलो तेव्हा मी देवाला हात जोडले. त्या पाकिटालाही जोडले. मीसुद्धा.

वर्ष होत आलं तशी आईने मेस बंद करायची तयारी केली. पोरांना सांगून टाकलं. कणकेची मोठी परात शेजारच्या मावशींना देऊन टाकली.

आणि मोबाइलवर मेसेज आला. दुसरा हप्ता भरा. चार लाख.

आईने मला फोन केला. "आरं, एफडीला हप्ता असतो का?"

मी लातूरला जाऊन पाकीट फोडलं. सगळं इंग्रजीत. दहा वर्षं, दरवर्षी चार लाख. आईचा धंदा 'हॉटेल', उत्पन्न तिने आयुष्यात बघितलं नसेल एवढं. आणि खाली तिची वाकडी मराठी सही.

दाजींना विचारलं, तर म्हणाले, "हप्ता चुकला तर पैसे जातात. कंपनीचा रूल आहे, मी काय करणार?"

काय करणार! त्याच वर्षी ते कंपनीच्या खर्चाने गोव्याला जाऊन आले. 'टार्गेट अचीव्ह्ड' असं स्टेटस होतं. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

मी तक्रार लिहिली. आईने तो कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"लेकीचा संसार हाय तो. जावायावर केस केली तर अक्काला कुठं ठिवू? या मेसमदी?"

मी "बरं" म्हणालो.

दुसरे चार लाख आणायचे कुठून? पहिलेही बुडाले. आईने शेजारून परात परत मागून आणली.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी, सकाळी, तिने त्याच परातीत चाळीस डब्यांची कणीक मळली. भिंतीला टेकून बसली. ती उठलीच नाही.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. असेल. बासष्टाव्या वर्षी ती त्या परातीपुढे का बसली होती, हे डॉक्टरला कुठे माहीत?

त्या दिवशी दाजींनी हार घातलेला फोटो टाकला. "आईसमान सासूबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली." खाली लोकांची हात जोडलेल्या इमोजींची रांग.

त्यात एक माझा होता.

परक्या एजंटाला आपण दहा प्रश्न विचारतो. घरच्याने कागद पुढे केला की डोळे मिटून सही. मित्रांनो, घरच्याचा कागद आधी वाचा. मान नंतर द्या.

अक्का, तुला वाईट वाटेल. माफ कर. आई तुझ्यासाठी गप्प बसली. मी आता नाही बसणार.

तर दाजी, धोंड्याचं जेवण मी देणार. रविवारी या. पुरण असेल, तूप असेल, पायावर पाणी मी स्वतः घालीन. मानात काही कमी पडणार नाही.

फक्त जेवणाआधी एक काम आहे. ते पाकीट मी काढून ठेवलंय. तुम्ही आईच्या फोटोसमोर बसून पहिल्या पानापासून वाचून दाखवायचं. मराठीत. तिला समजेल असं.

वाचून होईपर्यंत ताट वाढणार नाही.

आई, परात मावशींना कायमची देऊन टाकली. चूल बंद आहे. कुणाचा डबा राहिलेला नाही.

आता निवांत बस.