रतनबाईचं पोट आणि पहाटेची चूल

विंझरच्या वरच्या आळीत रतनबाईचं घर. घरात गॅस आहे, पण चहापुरता. भाकरी चुलीवरच, आणि ती चूल थोरल्या सुनेची. सासू गेल्यापासून रतनबाईच्या आधी त्या चुलीत कुणी काडी सारली नाही. आधी धूर आढ्याला जायचा, मग उजेड दारात यायचा, अशी तिची सकाळ. तिची नाचणीची भाकरी तव्यावर फुगली की बघत राहावं. मी ती खाल्ली आहे, म्हणून सांगतो.

पण या बाईच्या पोटानं तिच्याशी उभा दावा मांडला होता. पोट साफ न होता दिवसामागून दिवस कोरडे जात. पोट फुगे, कळा येत, लावणीला वाकलं की डाव्या कुशीत पीळ पडे. आणि तिच्या डोळ्यांसमोर दिवसभर वावरायची धाकटी जाऊ, सुलक्षणा. एकाच तव्यावरची भाकरी खाणाऱ्या दोघी. सुलक्षणा पावट्याची उसळ वाटीवर वाटी रिचवायची, वर कच्चा कांदा फोडायची, आणि पहाटे उठल्या उठल्या परसातल्या संडासात जाऊन गुणगुणत परत यायची.

ते गुणगुणणं रतनबाईला विळ्यासारखं कापायचं. जावेच्या रूपाचा तिनं कधी हेवा केला नाही, दागिन्यांचाही नाही. हेवा वाटला तो त्या हलक्या पोटाचा. असा हेवा बोलून कुणाला दाखवावा? तो आतल्या आत मुरत गेला.

मग ती जावेच्या ताटावर डोळा ठेवू लागली. सुलक्षणा जे खाईल ते आपणही खायचं, तेवढंच खायचं. पावटा खाल्ला, कांदा खाल्ला, आणि भर दुपारी बांधावर पोट आवळून बसली. बाजारातून सोनामुखीचं चूर्ण आणलं, ते रोज वाढवत नेलं. त्यानं एक दिवस मुरडा येऊन सगळं रिकामं व्हायचं, पुढं पुन्हा कुलूप. नवरा धनाजी म्हणाला, तिच्या मनाचे खेळ आहेत. सुलक्षणा तर बायकांच्या देखत बोलून गेली, "अक्का, तुमचं पोट बी तुमच्यावानी. कुणाचं ऐकत न्हाई."

शेवटी भोरला डॉक्टरांकडं जायचं ठरलं. धनाजीला शेतातून निघवेना, म्हणून सोबतीला पाठवलं कुणाला, तर सुलक्षणालाच. एसटीत रतनबाई सगळी वाट खिडकीकडं तोंड करून बसली.

डॉक्टर शुभाताईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी करून घेतली. काही वावगं निघालं नाही. "म्हणून दुखणं खोटं ठरत नाही हं," त्या म्हणाल्या. याला आयबीएस म्हणतात, आतड्याची चाल बिघडते, नळ दुखतात. रोजचं चूर्ण बंद करायला सांगितलं. इसबगोल थोड्यापासून सुरू करायचा, त्यावर भरपूर पाणी. जवसाची पूड, पपई, दुधी. पावटा आणि कच्चा कांदा काही आठवडे बाजूला. मग त्यांनी विचारलं, सकाळी जाता कधी?

उत्तर सुलक्षणानं दिलं.

"समद्यांच्या मागनं जात्यात. कळ आली तरी दाबून भाकऱ्या थापत्यात. चूल सोडत न्हाईत त्या, डॉक्टर."

डॉक्टर म्हणाल्या, खरं औषध तिथंच आहे. कोमट पाणी प्यायचं आणि कळ आली की उठायचं, थांबवायचं नाही.

रतनबाईला वाटलं, जावेनं डॉक्टरांकडून चूल मागून घेतली. घरी येऊन तिनं सगळं पाळलं. इसबगोल, जवस, पपई. उठून जाणं तेवढं पाळलं नाही. पोट थोडं नरमलं, पण कळा काही सुटल्या नाहीत.

एका पहाटे तव्यावर भाकरी होती आणि कळ आली. सुलक्षणा परसातून गुणगुणत येत होती. दिराला, सोमनाथला, कंपनीची गाडी गाठायची होती. तो टॉवेल घेऊन संडासाकडं निघाला होता. रतनबाईनं भाकरीकडं पाहिलं, जावेकडं पाहिलं.

"सोमनाथभावजी, थांबा वाईच," ती म्हणाली. मग हातातलं उलथनं पुढं केलं. "सुले, बस हितं. करपवू नको."

सुलक्षणाचं गुणगुणणं तिथंच थांबलं. तिनं दोन्ही हातांनी उलथनं घेतलं.

रतनबाई परत आली ती कितीतरी दिवसांनी ताठ चालत. चुलीपुढं तिच्या पाटावर सुलक्षणा बसली होती. टम्म फुगलेली भाकरी टोपलीत पडत होती आणि धनाजी म्हणत होता, आज भाकरी लई मऊ झाली. रतनबाई जावेला ऊठ म्हणाली नाही.

तेव्हापासून पहाटेची चूल सुलक्षणाची. रतनबाईचं पोट अधूनमधून कुरकुरतं, पण जुना दावा राहिला नाही. हेवा मात्र कुठं गेलेला नाही. रोज ती परसातून येते, टोपलीतली भाकरी उचलते आणि उलटीपालटी करून कडा बघते. अजून एकही करपलेली सापडलेली नाही.