तबकडीची मुकी बाजू

माझ्या मेव्हण्यावर माझा राग अजून आहे आणि तो जाईल असं मला वाटत नाही. तो बोटीवर कामाला होता. मालाच्या बोटीतून अमेरिकेपर्यंत जाऊन यायचा आणि सुट्टीवर रत्नागिरीत आला की घरी जाण्याआधी माझ्या दुकानात डोकवायचा. माझं दुकान लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं आणि कॅसेटी भरून देण्याचं. ते मला कुणी आयतं दिलेलं नव्हतं. दुसऱ्याचे कर्णे खांद्यावरून वाहिले, माडावर चढून ते बांधले आणि पै-पै जमवून स्वतःचं मशीन उभं केलं. या सगळ्यात मी एक शिकलो होतो. विकणारा मालाबद्दल जितकं जास्त बोलतो, तितका भाव चढवत असतो. त्याला बोलू द्यायचं नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. आमच्याकडे नवरात्रात दांडिया नुकता शिरला होता आणि मिरकरवाड्याच्या बंदरावरच्या मंडळाला नऊही रात्री वाजवणारा माणूस हवा होता. ते काम मिळालं तर दुकान तरलं, नाहीतर बाजारपेठेतला माझ्यापेक्षा मोठा दुकानदार ते नेणार आणि मागोमाग माझी बाकीची गिऱ्हाइकंही नेणार. त्याच्याकडे नसेल असं काहीतरी मला हवं होतं. म्हणून मेव्हण्याला सांगून ठेवलं होतं, की तिकडं पोरं रस्त्यावर ज्यावर नाचतात ते घेऊन ये.

गणपतीच्या सुट्टीत तो आला आणि पिशवीतून ताटाएवढी एक तबकडी काढली.

"भावोजी, हिच्यावर गाणं एकच आहे, पण..."

"एकच? एवढ्या मोठ्या तबकडीवर?"

"एकच, पण चार तऱ्हांनी. ऐका तर. एका बाजूला..."

"हे बघ, माल चांगला असला की बोलायला लागत नाही. हिच्या बदल्यात तुझ्या घरच्या सत्यनारायणाला मशीन फुकट लावीन. पटतंय तर ठेव."

त्यानं हसून तबकडी ठेवली. मीही खूश झालो. एका बाजूची सुरुवात वाजवून पाहिली. ढोलासारखा ठोका आणि त्यावर एक माणूस भांडल्यासारखा भराभर बोलतोय. पुरेसं होतं. तबकडी झिजू नये म्हणून दुसरी बाजू लावलीच नाही. चारांपैकी एक ऐकली म्हणजे सगळ्या ऐकल्या, असा माझा हिशोब.

गौरी गेल्यानंतरच्या दुपारी शाळेच्या पटांगणात जाखडीचा सामना होता. जाखडी म्हणजे आमच्याकडचा गाण्या-नाचाचा झगडा. शक्तीवाले एका बाजूला, तुरेवाले दुसऱ्या बाजूला. एकाच्या शाहिरानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीवर जवाब द्यायचा, आणि जमलं तर समोरच्याची टोपीही उडवायची. मशीन माझं होतं. बंदरावरच्या मंडळाचा प्रमुख, मच्छीमार बोटीवरचा म्हातारा तांडेल, मुद्दाम माझं मशीन ऐकायला आला होता. दोन पार्ट्यांमध्ये जरा वेळ मिळाला, तेव्हा मी माइकवरून सांगितलं, "आता ऐका, थेट अमेरिकेहून!" आणि तबकडी लावली.

दोन्ही बाजूंवर नाव एकच छापलेलं. मी दुसरी बाजू लावली होती.

ठोका सुरू झाला. माणूस काही बोलेना. मी वाट पाहिली. लोकही पाहत होते. नुसताच ठोका आणि मध्येच एखादी तार. वायर हलवली. आवाज वाढवला, तर ठोका वाढला, माणूस गायबच. पुढच्या रांगेत मेव्हणा हातवारे करत होता आणि हसत होता. ते हसू पाहून माझं डोकं फिरलं.

"मशीनमध्ये काही नाही!" मी माइकवर ओरडलो. "थांबा, आत्ता दाखवतो."

आणि मी सगळ्या पटांगणासमोर पेचकस घेऊन ॲम्प्लिफायरचं झाकण खोलायला बसलो. तबकडी तशीच फिरत होती. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला. एवढ्यात तुरेवाल्यांचा शाहीर उठला. गोदीत कामाला असलेला, गणपतीला गावी आलेला उंच माणूस. त्यानं माझ्या हातापाशी पडलेला माइक उचलला, दोन ठोके मान हलवून मोजले आणि त्या अमेरिकन ठोक्यावर, एक मात्रा न चुकवता, सुरू केलं:

"मशीन खोलून बघतो दादा, गाणारा आत बसलाय काय?
गाणारा हितं उभा हाय बाबा, तुझ्याजवळ कान हाय काय?"

पटांगण असं हसलं की गणपतीच्या मांडवातली माणसंसुद्धा बाहेर येऊन बघायला लागली. शाहिरानं आणखी दोन कडवी रचली. एक माझ्या भाड्यावर होतं, एक माझ्या रागावर. दोन्ही खरी होती, हे मला तिथंच कळलं आणि चेहरा कुठं लपवावा ते कळेना. पेचकस हातात घेऊन मी गुडघ्यावर बसून होतो. उठलो असतो तर लोक आणखी हसले असते.

संध्याकाळी मेव्हणा दुकानात आला. मी त्याला बसही म्हटलं नाही.

"मी सांगत होतो भावोजी. त्या बाजूला गाणाऱ्याचा आवाज काढून टाकलेला असतो. मुद्दाम. म्हणजे दुसऱ्या कुणाला त्यावर आपले शब्द म्हणता येतात. तिकडची पोरं भर रस्त्यात एकमेकांची अशीच टोपी उडवतात."

"आणि बाकीच्या दोन?"

"एकीत नुसते बोल, ठोकाच नाही. वाजवणारा ते दुसऱ्या कुठल्या ठोक्यावर बसवतो. एक रेडिओसाठी, शिव्या गाळून. तबकडी निव्वळ ऐकायला नसते, वाजवणाऱ्याचं ते सामान आहे. तुमच्यासारख्याचं."

"मग पहिल्या दिवशी तोंडाला कुलूप होतं का?"

"तुम्ही लावलंत की!"

त्याचं बरोबर असेल. पण आपल्या बहिणीचा नवरा सगळ्यांसमोर बुडतोय हे दिसल्यावर माणूस उठून चार पावलं चालत येतो, पहिल्या रांगेत बसून हातवारे करत नाही. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि आजही माझं मत तेच आहे.

ते कडवं मात्र माझ्याआधी सगळीकडे पोचलं. मिरकरवाड्यात मासळी घ्यायला गेलो. पापलेटाच्या दरावरून मी नेहमीसारखा आवाज चढवला, तर मासेवालीनं सुरी उचलली. "दादा, खोलून दाखवू? आत कोण गातंय का बघून घ्या." शेजारच्या चौघीजणी टोपल्यांवर हात मारून हसल्या. मी तिनं सांगितलेला दर दिला आणि निघालो. घरी बायकोनं विचारलं, एवढं महाग कसं आणलंत, तर म्हटलं आज मासळीच कमी होती. त्यानंतर भांडायला तोंड उघडलं, की समोरच्याच्या ओठांकडे लक्ष जायचं. आता हा ते म्हणतोय की काय?

चार-पाच दिवसांनी तांडेल दुकानाची पायरी चढला. सोबत दोन दांडगे गडी. मला वाटलं, काम दुसऱ्याला दिल्याचं सांगायला आलेत.

"नवरात्राचं तुझ्याकडेच," तांडेल म्हणाला. "पण ती मुकी बाजू लावायची. आमच्या पोरांना दांडियाला तसाच ठोका पाहिजे. गाणारा मध्ये नको, आमची पोरंच गातील."

मग त्यानं भाडं सांगितलं. इतकं कमी, की एरवी मी त्याला पायरीवरून खाली उतरवलं असतं. माझ्या तोंडाशी दुप्पट आकडा आला होता. तेवढ्यात मागच्या गड्यानं फळीवर बोटं वाजवायला सुरुवात केली. तोच ठोका. त्याच्या मनात काही होतं की नुसती सवय, देव जाणे.

"चालेल," मी म्हणालो.

तांडेल बघतच राहिला. "चालेल? अरे, भांड की जरा! तुझ्याशी भांडायला म्हणून मी ह्या दोघांना काम सोडून आणलंय."

"नको. मला कर्णे बांधायला जायचंय."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजारी माणसाकडे पाहतात. "बरा हायस ना?" त्यानं हळूच विचारलं. मी मान हलवली आणि वायरीचं भेंडोळं उगाच उलगडायला घेतलं.

ते तिघे पायरीवर थांबले. एकजण म्हणाला, "आणखी कमी सांगायला पायजे होतं." तांडेल म्हणाला, "गप. बिचाऱ्याचं काही खरं नाय."

बिचारा. मला आयुष्यात कुणी बिचारा म्हटलं नव्हतं. त्यांना परत बोलावून दुप्पट मागता आलं असतं, ते रस्त्यातच होते. मी उलगडलेली वायर पुन्हा गुंडाळत राहिलो.