राजीखुशीची ओळ

आमचे वामनराव जागेपणी स्वप्नं पाहत. अंबडच्या कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली, माझ्या बाकड्याला लागून त्यांचं बाकडं होतं. दोघंही दस्त लिहिणारे. पण लिहिताना मी कागदाकडे बघायचो आणि ते कागदाच्या पलीकडे कुठंतरी. दुपारचं ऊन पांढरं झालं, पक्षकार भाकरी खायला पांगले, की त्यांचे डोळे अर्धे मिटत आणि ओठ हलू लागत. नवख्याला वाटे, जप चाललाय. जप कसला, वामनराव इंग्रजी शब्द घोकत असत.

निजामी गेली तेव्हा त्यांची चाळिशी उलटलेली होती. तोवर सगळा कारभार उर्दूत, आणि वामनरावांचं उर्दू अक्षर असं देखणं की वाचणारा वाचायचं सोडून बघतच राही. पुढं कचेरीत मराठी आली, वकिलांच्या तोंडी इंग्रजी आलं, आणि या गृहस्थानं जालन्याहून एक जुना कोश आणला. रोज एक शब्द. शब्द त्यांना दिसत म्हणे. ‘लीज’ हा पानाचा डबा घेऊन ओसरीवर बसलेला भाडेकरू, तर ‘अपील’ ही पायऱ्या चढून दमलेली म्हातारी. तुमच्या घरी मुक्कामाला किती शब्द आलेत, अशी मी चेष्टा करायचो.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात ‘कोअर्शन’ हा शब्द आला. कोशात अर्थ होता, बळानं भाग पाडणं. हा मात्र त्यांना काही केल्या दिसेना. आमच्या प्रत्येक दस्ताच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते. उर्दूत ती ‘बिला जब्र व इकराह’ होती, मराठीत ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही धाकदडपणाशिवाय लिहून दिले असे’ अशी झाली. ती कधी बदलतच नाही, म्हणून वामनराव सकाळी आल्या आल्या चार-सहा शेवटच्या पानांवर ती लिहूनच ठेवत. लिहून देणारं माणूस मागाहून यायचं. पंचवीस वर्षांत कोणी कोणाचा हात धरून अंगठा उमटवलेला त्यांनी पाहिला नव्हता, मग ‘बळ’ दिसणार कसं?

शेवटी त्यांनी काकासाहेब वकिलांना विचारलं. काकासाहेबांनी समजावलं की कायद्यात या शब्दाचा पसारा मोठा आहे. मारायची धमकी त्यात येतेच, पण दुसऱ्याची वस्तू बेकायदा अडकवून ठेवायची आणि सही दे मग सोडतो म्हणायचं, तेही कोअर्शनच. अंगाला हात लावावा लागत नाही. त्यानंतर दोन दिवस वामनराव ‘अडकवून ठेवणं’ एवढंच पुटपुटत तरंगत होते. मला चीड यायची. समोर गिऱ्हाईक ताटकळतंय आणि यांचं विमान खाली येत नाही.

पुढच्या आठवड्यात नवीन जालन्याचे अमरचंदजी आले. व्यापारी माणूस, बोलणं लोण्यासारखं. बरोबर त्यांच्याच समाजातले दोन वयस्क साक्षीदार, आणि धाकट्या भावाची विधवा सायरबाई, हनुवटीपर्यंत घुंगट ओढलेली. ती अंबडलाच राहायची; इथल्या घरातला नवऱ्याचा हिस्सा ती जेठांना, म्हणजे थोरल्या दिरांना, सोडून देणार होती. वामनरावांनी पहिलं पान लिहिलं, तयार शेवटचं पान खाली जोडलं आणि रिवाजाप्रमाणे सगळा दस्त मोठ्यानं वाचला. प्रत्येक कलमाला बाई हळूच ‘बराबर’ म्हणत गेली. राजीखुशीच्या ओळीलाही म्हणाली. मग वामनरावांकडे किंचित वळली. त्यांच्यात जेठांशी थेट बोलायची पद्धत नाही, जे विचारायचं ते तिसऱ्याच्या तोंडून.

"काकाजी, यांना विचारा, मंग राजकुमारीला आजच पाठवणार ना?"

राजकुमारी तिची सहा वर्षांची मुलगी. वामनरावांनी चौकशी केली तेव्हा कळलं की अमरचंदजींनी दोन महिन्यांपासून तिला आपल्याकडे ठेवून घेतलं आहे, आणि अंगठा झाला की पाठवू असा निरोप होता. अमरचंदजी हसून म्हणाले, घरचीच पोर आहे, तुम्ही अंगठा घ्या.

वामनरावांनी डोळे मिटले. मला वाटलं, लागली समाधी. मग त्यांनी ते शेवटचं पान काढलं आणि कोरं पान पुढं ओढलं. सायरबाई घाबरली.

"लिहा हो काकाजी. माझी पोर अडकून राह्यली."

तिला घर नको होतं, पोर हवी होती. कागद अडला तर पोर अडणार होती. वामनरावांना ते पुरतं कळत होतं. तरी त्यांनी लिहिलं, आणि त्याच संथ सुरात वाचलं: माझी मुलगी राजकुमारी दोन महिन्यांपासून अमरचंद यांच्याकडे असून, ती मला परत मिळावी एवढ्यासाठीच मी हा हिस्सा सोडून देत आहे.

"बाई, बराबर?"

"बराबर," घुंगटाआडून आवाज आला. या वेळी तो आवारभर ऐकू गेला.

अमरचंदजी म्हणाले, ही ओळ खोडा. खोटी असेल तर खोडतो, असं वामनराव म्हणाले. तेव्हा थोरल्या साक्षीदारानं काढलेला पेन परत खिशाला लावला आणि सांगितलं की आधी पोरगी आईकडे येऊ दे, मग कागदाचं बघू. दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीनं राजकुमारी अंबडला आली. तो दस्त पुढं कधी झालाच नाही.

मला फार आनंद झाला होता. संध्याकाळी बाकडं आवरताना मी वामनरावांना विचारलं, आता तरी दिसला का तुमचा शब्द?

"दिसला," ते म्हणाले. "बावन्न साली तुमच्या उषाबाईचा दस्त मीच लिहिल्ता. तिला मी काहीच विचारलं न्हाई. तुम्ही विचारल्तं का?"

उषा माझी धाकटी बहीण. आईनं तिच्या नावावर ठेवलेला मळा तिनं मला सोडून दिला होता, राजीखुशीने. मी तिला एवढंच म्हणालो होतो, की सही देणार नसशील तर दिवाळीला माहेरी येऊ नकोस.

ती अजून दर दिवाळीला येते. जेवणाची पानं वाढली की उभी राहते आणि मला विचारते, "दादा, बसू का?"