तळ्यातल्याला मारायचं नाही

तळ्यातल्या राक्षसाला कसं मारायचं ते मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो. तो पाण्यातून वर येतो आणि आधी खांदे झटकतो. डावा खांदा हलला तर शेपटी फिरणार, उडी मारायची. उजवा हलला तर तोंडातून धुकं सोडणार, दगडी खांबामागे लपायचं. दोन्ही एकदम हलले तर तो काठावर झेप घेतो, धापा टाकत मान वर करतो, आणि तेव्हा गळ्याखालची मऊ जागा दिसते. तिथे दोन वार करायचे आणि मागे यायचं. तिसऱ्या वाराचा मोह झाला की आपण संपलो. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी अख्खा हिवाळा मी त्याला मारलं नाही. मारणं सोपं असतं हो. न मारता रोज लढत राहायचं, तेही दिवसभर मार्केट यार्डात उभं राहून आल्यावर, याने माणूस किती पिचून जातो ते कुणाला सांगून पटत नाही.

मंचरला आमची कांदा-बटाट्याची आडत आहे. शेतकऱ्याने माल आणायचा, आमच्या गाळ्यावर लिलाव व्हायचा आणि मधलं कमिशन आम्ही घ्यायचं. आजोबांच्याही आधी कधीतरी आम्ही राजस्थानातून इथे आलो आणि इथलेच झालो. जैन असल्यामुळे घरात कांदा-बटाटा शिजत नाही आणि घर मात्र त्यावरच चालतं, यावरून आमची थट्टा करून लोकांचं मन अजून भरलेलं नाही. मी पन्नाशीला आलोय. व्हिडिओ गेम खेळायचं हे वय नाही, हे मलाही कळतं. यंत्र मुलीचं. ती नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि ते टीव्हीला जोडलेलं तसंच ठेवून गेली. एकदा सुट्टीत आली तेव्हा तिने कंट्रोलर माझ्या हातात दिला, कोणतं बटण कशाचं ते दाखवलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हाला दुसरा कसला नाद नाही, हा तरी लावून घ्या." लावून घेतला.

गेम कुठल्याशा कल्पनेतल्या राज्याचा. तलवार घेऊन जंगलं, दऱ्या, पडके बुरूज असं फिरायचं, आणि प्रत्येक मुलखाच्या शेवटी एक मोठा राक्षस वाट अडवून बसलेला असतो. पोरं त्याला बॉस म्हणतात. तो मेला की पुढचा मुलूख उघडतो. माझा पहिलाच बॉस म्हणजे हा तळ्यातला, पाठीवर शेवाळ चढलेला, एका डोळ्याने मिचमिच बघणारा. पडद्यावर वरच्या बाजूला त्याच्या जिवाची लाल पट्टी असते. वार बसला की ती आखडत जाते.

त्याच सुमारास आई गेली. बाबूजी, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या पुढचे. आई गेल्यापासून त्यांचं जेवण सुटत चाललं होतं. सकाळी कसेबसे चार घास आणि संध्याकाळी ताट तसंच. सूर्य मावळल्यावर ते पाणीसुद्धा घेत नाहीत, जन्मभराचा नेम आहे. त्यामुळे संध्याकाळचं जेवण टळलं की थेट दुसरा दिवस. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, औषधं मी देईन, पण हे असंच चाललं तर उन्हाळा निघायचा नाही. बायकोने सगळं करून पाहिलं. मुगाची खिचडी, दुधीची भाजी, तुपातले फुलके, सगळं परत स्वयंपाकघरात यायचं.

एका सुट्टीच्या दिवशी, ऊन उतरताना, बाबूजी खुर्चीत बसले होते, पुढ्यात ताट, आणि मी शेजारी तळ्यातल्याशी झुंजत होतो. "बाबूजी, बघा, आता शेपटी येणार!" मी ओरडलो. शेपटी आली, मी उडी मारली. बाबूजींनी फुलक्याचा तुकडा मोडला. नजर पडद्यावर, हात ताटात. "बघा, आता धुकं सोडतोय." मी खांबामागे गेलो आणि त्यांनी दुसरा घास घेतला. बायको दारात येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघायची हिंमतच झाली नाही. फक्त जन्मात खेळलो नसेन इतका जपून खेळत राहिलो.

राक्षसाची पट्टी अगदी शेवटाला आली. गळ्याखाली वार करणार, तोच बाबूजी म्हणाले, "मारू नको."

"काय?"

"मारू नको त्याला. दमवलास तेवढं लई झालं. सोड."

आता, राक्षसाला सोडून देण्याची या गेममध्ये सोय नाही. पण तळ्याच्या वाटेवर एक दगडी कमान आहे. तिच्याबाहेर पाऊल टाकलं की राक्षस पाण्यात परत जातो आणि त्याची पट्टी पुन्हा भरते. मी कमानीबाहेर आलो. तो बुडबुडे सोडत खाली गेला. बाबूजींचं ताट रिकामं होतं.

मग ते रोजचंच होऊन बसलं. थंडीत सूर्य लवकर बुडतो आणि नेमकी तेव्हाच यार्डात मालाची गर्दी. पिशव्यांच्या थप्प्या, डोळ्यात जाणारी कांद्याची फोलपटं, भाव पडला म्हणून माझ्यावरच डाफरणारे शेतकरी, आणि हे सगळं मुनीमाच्या गळ्यात घालून मी निघायचो. हायवे ओलांडण्यातच अर्धा जीव जायचा. घरी पोचलो की पाय धुऊन लगेच कंट्रोलर. डावा खांदा, उडी. उजवा खांदा, खांब. दोन वार, मागे. बाबूजी जेवायचे. पट्टी संपत आली की मी कमानीबाहेर. पुढचा मुलूख कसा आहे ते मला माहीतच नव्हतं आणि एव्हाना त्याची उत्सुकताही उरली नव्हती. कधी कधी वाटायचं, हा तळ्यातलाही मला बघून म्हणत असेल, आला पुन्हा.

आळे गावचा एक पिकअपवाला आमच्याकडे भाडं करतो. चाळिशीचा गडी, पण भाड्याची वाट बघताना मोबाईलवर गेम खेळणारा. त्याने हा गेमही खेळलेला होता. "शेट, अजून त्योच का?" तो विचारायचा. "लई झालं राव! मी त्याला आठवड्यात गाडला व्हता." आमच्या घरी राक्षसाला मरायची परवानगी नाही, हे मी त्याला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? मी नुसता हसायचो. एकदा त्याने आपणहून उपाय सांगितला. "पेटत्या तेलाचं मडकं घ्या. एकदा फेकलं की जळतच ऱ्हातो. तुमी निस्तं बघत बसायचं."

त्या दिवशी यार्डात लिलाव लांबला, वजनावरून भांडण झालं, ते माझ्यापर्यंत आलं, आणि घरी पोचलो तेव्हा माझे डोळे मिटत होते. बाबूजी ताट घेऊन तयार. मला ते मडकं आठवलं. म्हटलं, आज झटपट उरकू. फेकलं. राक्षस पेटला, बाबूजी पुढे वाकून बघायला लागले, भराभर जेवायला लागले. पट्टी खाली आली तसा मी नेहमीसारखा कमानीबाहेर झालो. पण आग थांबली नाही. तो पाण्यात गेला तरी पट्टी आखडतच राहिली, आणि मग पडद्यावर सोनेरी अक्षरं आली, वाजंत्री वाजली, पुढच्या मुलखाचा दरवाजा उघडला.

बाबूजींचा हात ताटातच थांबला. "गेला?"

"गेला."

"तू तर भायेर आला व्हतास."

"जळत राहिला, बाबूजी. माझ्या लक्षातच आलं नाही."

त्यांनी वाटीत हात धुतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. मला सणक आली. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने, अंगात त्राण नसताना, टीव्हीतल्या राक्षसासाठी उपवास करायचा? "बाबूजी, तो खरा नव्हता," मी जवळजवळ ओरडलोच. "चित्र आहे ते! वीज गेली की तोही जातो!"

"त्यो खरा नसंल," ते शांतपणे म्हणाले. "मला मजा येत व्हती, ती तर खरी व्हती ना?"

मारणं, मारायला लावणं आणि मारताना बघून खूश होणं, तिन्हींचं पाप आमच्याकडे सारखंच धरतात. लहानपणापासून स्थानकात, साधू-साध्वींच्या प्रवचनात, हेच ऐकत आलोय. पण ऐकणं वेगळं आणि त्यापायी बापाला वाळताना बघणं वेगळं. मला सगळ्यांचा राग आला. पिकअपवाल्याचा, गेम बनवणाऱ्यांचा, आणि खरं सांगतो, आम्हाला असं टाकून निघून गेलेल्या आईचाही.

उपवास सुटला, पण संध्याकाळचं जेवण बंदच राहिलं. मी पुढच्या मुलखातला बॉस दाखवून पाहिला, दगडाचा होता, चांगला अंगावर यायचा. बाबूजींनी तोंड फिरवलं. तळ्यातल्याला परत आणावा तर गेम आपोआप सेव्ह होतो, झालेलं मागे घेता येत नाही. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "एकच मार्ग आहे पप्पा. नवा गेम सुरू करा, पहिल्यापासून." पहिल्यापासून तळ्यापर्यंत यायला मला तेव्हा कित्येक आठवडे लागले होते. पण संध्याकाळ गेली की बाबूजींच्या मनगटाची हाडं आणखी वर आल्यासारखी दिसायची.

अमावस्येला मार्केट बंद असतं. त्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी टीव्हीसमोर बसलो आणि मनाशी ठरवलं, सूर्यास्ताच्या आत तळं गाठायचं. दुसरंही ठरवलं, या खेपेला वाटेत कुणालाही मारायचं नाही. लांडगे, चोर, झाडांची भुतं, सगळ्यांना चुकवत नुसतं पळायचं. पळता पळता माझ्यामागे हीऽ फौज जमली. अंगठे सुजले, मान आखडली. कितीदा मेलो आणि कितीदा उठलो, कोण मोजतंय! बायको दुपारी जेवायला हाक मारून गेली, ती मी ऐकलीच नाही. उन्हं कलल्यावर बाबूजी काठी टेकत आले आणि खुर्चीत बसले.

"ही एवढी मंडळी तुझ्या मागं का लागलीत?"

"कुणाला मारत नाहीये ना, म्हणून."

त्यांनी जरा विचार केला. "मग पळ," म्हणाले.

मी पळालो. समोरच्या घराच्या भिंतीवरचं ऊन तांबूस झालं होतं आणि वर सरकत होतं. कॅलेंडरवरची सूर्यास्ताची वेळ मला पाठ होती, घड्याळाकडे बघवत नव्हतं. शेवटी एकदाची ती दगडी कमान दिसली. आत शिरलो. पाणी फुगलं, आणि तळ्यातला वर आला. तेच शेवाळ, तोच मिचमिचा डोळा.

"बघा बाबूजी," मी म्हणालो. "आहे तो. जिवंत आहे."

बाबूजींनी पडद्यासमोर हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्," हळूच म्हणाले. कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ कर, असं आमच्यात म्हणतात. टीव्हीला हे म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, पण मला हसू आलं नाही. राक्षसाचा डावा खांदा हलला. उडी मारायची हे मला कळत होतं, अंगठा मात्र हललाच नाही. शेपटीच्या पहिल्याच तडाख्यात मी आडवा झालो. तलवार मिळवायला ज्याला मारावं लागतं त्यालाही मी सोडून आलो होतो, हातात नुसती काठी होती.

"परत जातो," मी घाईने म्हणालो. "ताट घ्या तुम्ही."

"ऱ्हाऊ दे. बंद कर त्ये."

"बाबूजी, दिवसभर मी याच्यासाठी... तो नसेल तर तुम्ही जेवणार कसे?"

बाबूजी माझ्याकडे बघत राहिले. यार्डात एखादा नवखा शेतकरी भलताच भाव मागतो, तेव्हा त्याच्याकडे ते असेच बघायचे, न रागावता. "अरे, मी त्याच्यासाठी व्हय जेवत व्हतो?" ते म्हणाले. "तू बोलायचास माझ्याशी. बाबूजी ह्ये बघा, बाबूजी त्ये बघा. तुझी आई गेल्यापासनं जेवताना माझ्याशी कोण बोलतं?"

मी टीव्ही बंद केला. बायकोने दोन ताटं आणली, एक त्यांना, एक मला. मी कधी या वेळेला जेवत नाही, पण बसलो. आणि बोलायचं म्हटलं तर काही सुचेना. इतकी वर्षं आम्ही भाव, वजन आणि गाडी यांच्याशिवाय काही बोललोच नव्हतो. भिंतीवर उन्हाची एक पट्टी तेवढी उरली होती. बाबूजींनी अजून घासाला हात लावला नव्हता.

शेवटी मी विचारलं, "आई काय बोलायची हो, तुम्ही जेवताना?"

"काय बोलणार? भाजी अळणी झालीय का, म्हणून इचारायची. रोज."

"आज झालीय का?"

त्यांनी तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. "झालीय," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे बघून त्यांनी मीठ मागितलं.