ठिपके न देता

गारखेड्यातल्या त्या लहानशा शाळेत पहिलीचा वर्ग ज्ञानेश्वरीबाईंकडे होता. लासूर स्टेशनकडच्या मेंढपाळाची ही लेक. बापाच्या मेंढरांमागं फिरताना शाळा कितीदा सुटली आणि कितीदा धरली, तरी शेवटी बाई झालीच. मुलं आधी कानानं लिहितात, काना-मात्रा मागाहून जागेवर बसतात, असं त्या सांगत. चुकलेला शब्द पुसत नसत. मुलाला तो पुन्हा सावकाश म्हणायला लावत.

तनुजाच्या आईला, मोनिकाला, हे पटत नव्हतं. आज ती लेकीला घेऊन मुख्याध्यापिकांसमोर तिचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला उभी होती. बाईंनाही बोलावून घेतलं होतं.

"लई ऐकलं बाईंचं. जावेचं पोरगं पानभर लिहितंय अन् आमची तनुजा?"

मुख्याध्यापिका बाईंकडे वळल्या. "यंदा दोन मुलं गेली. हीही गेली तर वर्ग मला दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल."

बाईंनी पाटी पुढं ठेवली. "तनू, सकाळी काय खाल्लंस? लिही बरं."

तनुजा पेन्सिल धरून नुसतीच बसली. मग हळूच म्हणाली, "मम्मी, ठिपके दे ना."

बाईंनी मोनिकाकडे पाहिलं. "कसले ठिपके?"

"घरी मी ठिपक्यांची अक्षरं काढून देते, ती गिरवते. चुकलं की मीच पुसते. अक्षर बघा कसं येतं!"

"ताई, मग ती लिहिते कधी?"

"म्हणजे माझंच चुकलं व्हय?"

होकार ओठांवर आला होता, तो बाईंनी गिळला. इथं भांडण पेटलं तर पोर कायमची बिचकणार होती.

"एकच शब्द लिहू द्या. पुसू नका. मग खुशाल दाखला घ्या."

तनुजानं शब्द तोंडात घोळवला. 'प' उमटला, पाठोपाठ 'ह'. तिनं पाटीकडे नाही, आईकडे पाहिलं. मोनिकाचा अंगठा सवयीनं पाटीवर गेला. अंगठा अक्षरांपाशी थांबला, मग मागं सरून लाकडी कडेवर घट्ट दाबून राहिला.

"वाच," मोनिका तुटकपणे म्हणाली.

"पोहे!" तनुजा म्हणाली. मग थबकली. "पो... पो..." करत तिनं 'प'ला काना ओढला.

"अजून चुकलंयच," मोनिका पुटपुटली.

"चुकलंय खरं," बाई म्हणाल्या, "पण काना तिचा तिनं दिला."

मोनिकानं पाटीच्या कडेवरचा अंगठा काढून घेतला.

"दाखला राहू द्या," मोनिका म्हणाली. "दिवाळीपर्यंत बघते. नंतर नाय ऐकणार."

बाईंनी मान हलवली. तनुजा मात्र कुणाकडे न बघता पोह्यांच्या खाली चहा लिहायला लागली होती.