शालूचे आठ खाडे

परळच्या आमच्या चाळीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण शालू. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते ते... मी वीस वर्षांचा, सातवीत शाळा सोडलेला, गिरणीत बदली कामगार.

बाहेर रोज हरताळ, मोर्चे, पळापळ. माझा स्वभाव मुळातच घाबरट, आजही तसाच आहे. मीच तिला आठ दिवस घरी बसवलं.

नवव्या दिवशी सगळं शांत झालं. ती वह्या घेऊन निघाली आणि मी तिला दारातच अडवलं... आठ खाडे झाले की हिचे!

गिरणीत कुणाचा खाडा पडला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, आम्ही बदलीवाले उभे राहायचो. फार खाडे झाले तर नावच कापलं जायचं. मला वाटलं, कॉलेजातही तसंच असणार. हिच्या बाकावर एव्हाना दुसरं कुणी बसलं असेल, हिला सगळ्यांदेखत बाहेर काढतील...

मी तसं सांगितलं आणि तिलाही ते पटलं. आमच्या घरात विचारणार तरी कुणाला? "आता रडान काय होतला गो?" एवढंच आई रडणाऱ्या शालूला म्हणाली. आणखी चार दिवस गेले, आणि मामाने गावाकडचं एक स्थळही सुचवलं.

मग एका संध्याकाळी काळाचौकीची वत्सला आली. शालूच्या पुढच्या वर्गातली, तिचे वडीलही गिरणीतलेच. शालू दिसेना म्हणून पत्ता विचारत विचारत आली होती.

मी तिला बदलीचा सगळा प्रकार समजावून सांगितला, अगदी मोठ्या माणसासारखा. वाटलं, हसेल... हसली नाही.

"दादा, कॉलेजात बदलीवाला नसतो," ती म्हणाली. "हिची जागा हिचीच आहे. मीही तापाने पंधरा दिवस पडले होते, आणि असंच काहीतरी समजून घरी बसले. मला सांगायला कुणी आलं नाही. माझं वर्ष गेलं."

मग शालूला म्हणाली, उद्या सकाळी खालून हाक मारते, राहिलेलं माझ्या गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवून घे.

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. मला राहवेना... गिरणीत न जाता मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि कॉलेजच्या दाराशी उभा राहिलो. हिला बाहेर काढलं तर निदान घरी आणायला कुणी असावं म्हणून.

दुपार झाली. शालू बाहेर आली नाही. मी तिथेच फुटपाथवर बसलो आणि रडलो.

शालू पुढे शिक्षिका झाली. वत्सलाचे आभार मात्र मी कधी मानले नाहीत, समोर आली की लाज वाटायची.

म्हणून आज इथे लिहितो. वत्सला, तू आली नसतीस तर माझ्या बहिणीचं शिक्षण मीच थांबवलं असतं... आणि मी तिची काळजी घेतली, असंच मला जन्मभर वाटत राहिलं असतं.